वासरांच्या शेणातले मायक्रोस्पोरिडिया, मदत हवी आहे
मंडळी, वासरांत एन्टेरोसायटोझून बिएनेउसी (मायक्रोस्पोरिडिया गटातला, आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) किती आढळतो यावर थिसिस करतोय. त्याचे स्पोअर (बीजाणू) जेमतेम १ ते १.५ मायक्रॉनचे, मॉडिफाइड ट्रायक्रोम स्टेन (स्पोअर रंगवून दाखवणारा रंग) लावला तरी शेणातल्या कचऱ्यात बॅक्टेरिया कुठला न् स्पोअर कुठला कळत नाही, डोळे फुटायची वेळ आलीय, म्हणजे पीसीआरच (डीएनए ओळखायची चाचणी) करावा लागणार. गुरांत मिळणारे आय, जे, बीईबी४ हे जिनोटाइप (याचेच जनुकीय प्रकार) माणसांतही सापडलेत, त्यामुळे प्रकार ओळखायला आयटीएस सिक्वेन्सिंग (डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याचा क्रम वाचणं) हवंच. पुण्या-मुंबईकडे शेणाचे सॅम्पल घेणारी लॅब माहितीय का कुणाला? सॅम्पल पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये (टिकवून ठेवणारं रसायन) फ्रिजला ठेवलेत. आणि एका गोठेवाल्या काकांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, तरी रोज वासरांत असतात, त्यांना हात धुवा, पाणी उकळून प्या याच्यापुढे काय सांगू?