मदत हवी: एलएक्सएमएलमध्ये टॅगनंतरच्या मजकुरात नवा टॅग घातला की वाक्याचा क्रम बिघडतो

नमस्कार मंडळी,

पायथन आणि एलएक्सएमएल (एचटीएमएल वाचून बदलण्याची पायथन लायब्ररी) वापरून बऱ्याच एचटीएमएल फायलींमधल्या पारिभाषिक शब्दांभोवती 'एबीबीआर' टॅग घालायचा आहे. शब्दावर कर्सर नेला की व्याख्या दिसावी, एवढंच. परिच्छेदाच्या सुरुवातीच्या मजकुरात काम चोख होतं. अडतं ते मधे दुसरा टॅग आला की.

हे वाक्य घ्या: हवेतली आर्द्रता वाढली की दवबिंदूही वर चढतो. यात 'आर्द्रता' ठळक टॅगमध्ये आहे आणि मला 'दवबिंदू' गुंडाळायचा आहे.

एलएक्सएमएलमध्ये टेक्स्ट नोड म्हणून वेगळी वस्तू हाती येत नाही, हे वाचलं आहे. पहिल्या चाइल्डच्या (आतल्या टॅगच्या) आधीचा मजकूर पॅरेंटच्या (बाहेरच्या टॅगच्या) 'टेक्स्ट'मध्ये, आणि टॅग बंद झाल्यावरचा मजकूर त्याच टॅगच्या 'टेल'मध्ये. म्हणून एक्सपाथने (फाईलमधले हवे ते भाग निवडायच्या भाषेने) सगळा मजकूर काढतो आणि प्रत्येक तुकड्याला 'इज टेल' विचारतो. उत्तर हो आलं, तर 'गेटपॅरेंट'कडून परिच्छेद नाही, ठळक टॅग मिळतो. त्याच्या टेलमध्ये शब्दाआधीचा भाग ठेवतो, नव्या टॅगच्या टेलमध्ये शब्दानंतरचा, आणि 'अ‍ॅडनेक्स्ट'ने नवा टॅग ठळक टॅगपुढे जोडतो. फाईलमध्ये मात्र हे उमटतं:

हवेतली आर्द्रतादवबिंदूही वर चढतो. वाढली की

एरर काहीच नाही, त्यामुळे फार काळजी वाटते. वाचणाऱ्याच्या हाती असं मोडलेलं वाक्य जायला नको. क्रम का उलटतो? की सरळ ब्युटिफुल सूप या दुसऱ्या लायब्ररीकडे वळू?

प्रतिसाद १

प्रश्न नेमका मांडलात, त्यामुळे कारण लगेच दिसतं. 'अ‍ॅडनेक्स्ट' नवा टॅग ठळक टॅगला अगदी चिकटून ठेवतो, म्हणजे त्याच्या टेलच्या आधी. नवा टॅग स्वतःचं टेल सोबत घेऊन येतो, आणि 'वाढली की' त्या दोघांच्या मागे ढकललं जातं. एलएक्सएमएल ज्यावर उभं आहे त्या लिबएक्सएमएल२ लायब्ररीमध्ये टेल हा साधा शेजारचा टेक्स्ट नोड असतो, म्हणून हे घडतं.

त्याऐवजी ठळक टॅगचा पॅरेंट घ्या, 'इंडेक्स'ने ठळक टॅगची जागा विचारा आणि त्यात एक मिळवून 'इन्सर्ट' करा. तो टेलच्या नंतर घालतो. एकाच तुकड्यात शब्द दोनदा असेल तर पुढचा शोध नव्या टॅगच्या टेलमध्ये घ्या, कारण एक्सपाथने दिलेली स्ट्रिंग ही फक्त प्रत असते. टॅगांचं झाड, म्हणजे फाईलची रचना, बदललं तरी ती जुनीच राहते.

टॅग काढायची वेळ आली तरी हेच लक्षात ठेवा. 'रिमूव्ह' केलं की टेलही जातं. एचटीएमएल मॉड्यूलमधले 'ड्रॉप टॅग' आणि 'ड्रॉप ट्री' टेल जपतात.

प्रतिसाद २

या कामापुरता मी तरी ब्युटिफुल सूपच घेईन. तिथे मजकूर हा खरा नोड असतो आणि टेलचा प्रश्नच येत नाही. ४.१०.० पासून 'रिप्लेस विथ'ला एकाच वेळी अनेक तुकडे देता येतात: आधीचा मजकूर, नवा टॅग, नंतरचा मजकूर. फक्त 'डिसेंडंट्स'वर, म्हणजे आतल्या सगळ्या नोडवर, लूप चालू असताना बदल करू नका, आधी 'फाइंड ऑल'ने मजकुराच्या तुकड्यांची यादी हातात घ्या. त्या यादीत कॉमेंटही येतात, आणि स्क्रिप्ट, स्टाईल, कोड यांच्या आतला मजकूरही. तो वगळा. आधीच 'एबीबीआर'मध्ये असलेले शब्दही वगळा, नाहीतर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की टॅगात टॅग बसेल.

प्रश्नकर्ता

'इन्सर्ट'ने वाक्य जागेवर आलं! दोघांचे मनापासून आभार. आता एकच अडचण: शब्दाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण लावली, तर 'दवबिंदूही' सापडतो, पण नुसता 'दवबिंदू' निसटतो.

प्रतिसाद २

ते झाडाचं नाही, पॅटर्नने मजकूर शोधणाऱ्या पायथनच्या 'आरई' (re) मॉड्यूलचं आहे. काना, मात्रा, उकार यांना ते शब्दातलं अक्षर मानत नाही. 'दू'चा उकार आणि पुढची मोकळी जागा, दोन्ही त्याच्या लेखी शब्दाबाहेर, म्हणून तिथे सीमा सापडत नाही. पुढे 'ही' आलं की 'ह'पाशी सीमा दिसते. वेगळं मिळणारं 'रेजेक्स' मॉड्यूल बसवा, ते या चिन्हांना शब्दात धरतं. मग 'ही', 'चा', 'मुळे' असे प्रत्यय पॅटर्नमध्ये तुम्हालाच जोडावे लागतील.