मदत हवी आहे : तैलचित्रातला गडद रंग कोरडा पडलाय

नमस्कार मंडळी. कला महाविद्यालयात माझ्या शेजारीच ईझल लावणाऱ्या मित्राचं तैलरंगात व्यक्तिचित्र केलंय. मुद्दाम पोज नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी जुन्या सोलापुरी चादरीवर मांडी घालून तो स्वतःच स्केच करत होता, तसाच रंगवला. चेहरा जमलाय, डोळ्यांतला कॉलेजातला हट्टसुद्धा. पण दोन महिन्यांत केसांमधला आणि सावलीतला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) मॅट, राखाडी दिसायला लागलाय. खालच्या थराने तेल शोषलंय. अळशीच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन पुसून घेऊ, की रिटच वार्निश (पातळ, तात्पुरतं वार्निश) मारू? पक्कं वार्निश सहा महिने तरी नको, हे माहीत आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तो गावी येतोय, तेव्हाच त्याच्या हातात द्यायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.