दहावीतल्या मुलांची विनोदी पटकथा चाळीस पानांनंतर ढेपाळते, काय करावं?

दोनरेघीवही:
पटकथेचा तिसरा खर्डा तयार आहे, ११८ पानं. तालुक्याचं गाव, आजचा काळ, दहावीतले चार मित्र आणि निरोप समारंभाआधीचे पंधरा दिवस. पहिल्या चाळीस पानांत वाचणारे हसतात. पुढे प्रसंग गमतीचे आहेत, पण कुणाला पान उलटायची घाई राहत नाही. शिक्षक आणि आईवडील व्यंगचित्रासारखे वाटतात. चांगल्या किशोरवयीन विनोदी चित्रपटांत नेमकं काय वेगळं असतं? भाषा आणि मोबाइल यांबद्दलही सांगा. (समारंभात फिशपाँडचा, म्हणजे एकमेकांवर टाकलेल्या निनावी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचण्याचा, एक प्रसंग आहे, तो सगळ्यांना आवडला.)

कात्रीकाम:
पंधरा दिवस हीच अडचण आहे. 'सुपरबॅड' (२००७) जवळजवळ सगळा एका दिवसात आणि एका रात्रीत घडतो. काम एकच: रात्रीच्या पार्टीला दारू पोचवायची. त्याखाली खरी गोष्ट आहे की हे दोन जिवलग मित्र आता वेगवेगळ्या कॉलेजांत जाणार आहेत. वरचं काम हातात धरता येईल असं आणि खालचं दुःख तोंडातून न निघणारं, ही जोडी जमली की मधली पानं आपोआप तापतात. तुमच्याकडे खालचं दुःख आहे, वरचं काम नाही.

ते काम फिशपाँडमध्येच आहे. चौघांपैकी एकाने रागाच्या भरात आपल्याच मित्रावर चिठ्ठी टाकली आणि आता ती उद्या वाचली जाण्याआधी डब्यातून काढायची आहे. डबा शिक्षकांच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात. गोष्ट आदल्या दिवशीच्या दुपारी सुरू करा आणि समारंभात संपवा.

मग एक चाचणी घ्या. पन्नासाव्या पानावरचा प्रसंग सत्तराव्या पानावर नेऊन ठेवा. काहीच बिघडलं नाही, तर तो प्रसंग कितीही विनोदी असो, काढून टाका. 'क्लूलेस' (१९९५) आणि 'मीन गर्ल्स' (२००४) दोन्ही ९७ मिनिटांचे आहेत. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, म्हणून तुम्हीही शंभर पानांच्या आत या. विनोदाला लांबी सोसत नाही, कारण दम लागलेला प्रेक्षक हसत नाही.

निळी शाई:
वरच्याशी सहमत, पण पात्रांचं दुखणं वेगळं आहे. या वयाच्या विनोदाचं मूळ असं की मुलांसाठी गोष्ट जीवनमरणाची असते आणि ती लहान आहे हे फक्त प्रेक्षकाला दिसतं. मूल स्वतःच्या फजितीकडे बघून डोळा मारायला लागलं की खेळ संपला. 'बालक-पालक'मध्ये (२०१३) चाळीतली मुलं नको ती कॅसेट मिळवून बघतात, तिथे उत्सुकता आणि भीती दोन्ही खरी ठेवली आहे, म्हणून हसू येतं. दिग्दर्शक मुलांना हसत नाही.

मोठ्यांनाही हाच नियम लावा. तुमचे गणिताचे सर खडूस आहेत म्हणून आड येतात, आणि तेवढं पुरत नाही. त्याच कपाटात पूर्वपरीक्षेच्या न तपासलेल्या उत्तरपत्रिका ठेवा. आता चार मुलं संध्याकाळी कपाटाभोवती घुटमळताना दिसली तर सरांचा संशय अगदी रास्त आहे. सर त्यांच्या जागी बरोबर, मुलं त्यांच्या जागी बरोबर, आणि मुलांना खरं कारण सांगता येत नाही, कारण ज्याच्यावर चिठ्ठी आहे तो शेजारीच उभा आहे. इथून विनोद ओढून काढावा लागणार नाही. 'मीन गर्ल्स'ची पटकथा लिहिणाऱ्या टीना फे यांनी त्यात गणिताच्या शिक्षिकेची भूमिका स्वतः केली, आणि त्या शिक्षिकेला घटस्फोट, पैशांची तंगी असं तिचं स्वतःचं आयुष्य दिलं.

आईवडिलांचे प्रसंग मात्र कमी करा, दोन पुरेत.

टपरीवरचा शब्दकोश:
भाषेबद्दल. 'क्लूलेस'साठी त्याच्या लेखिका-दिग्दर्शिका एमी हेकरलिंग बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत वर्गांत जाऊन बसल्या होत्या. तुम्हीही ऐका, पण सगळं उचलू नका. लिहिताना ताजा वाटणारा शब्द चित्रपट लागेपर्यंत शिळा होतो आणि 'विषय हार्ड'सारखे शब्द तर जाहिरातींनीही वापरून झालेत. त्यापेक्षा या चौघांचेच दोन-तीन शब्द तयार करा. पहिल्यांदा शब्द कसा पडला ते दाखवा, दुसऱ्यांदा वापरा, तिसऱ्यांदा भलत्याच्या तोंडी, शक्यतो सरांच्या तोंडी घाला. तिसऱ्या वेळी थिएटर हसतं. आणि चौघांची नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही तर अजून पात्रं झालेली नाहीत. एक जण वाक्य अर्धवट सोडतो, दुसरा प्रत्येक गोष्टीचा हिशोब सांगतो, एवढ्यानेही फरक पडतो.

मोबाइलला घाबरून 'रेंज नाही' करू नका, ती पळवाट लगेच कळते. 'टाइमपास' आणि 'बालक-पालक' मागच्या काळात घडतात, तिथे निरोप अडकतो, चुकीच्या हातात पडतो. आज निरोप अडकत नाही, पण पुसलाही जात नाही. ग्रुपवरचा संदेश सगळ्यांसाठी काढून टाकला तरी काढल्याची ओळ तिथेच राहते, आणि ती मूळ संदेशापेक्षा जास्त संशय वाढवते. मध्यंतर इथे घ्या: जिवावर उदार होऊन चिठ्ठी मिळवली, फाडली, आणि तेवढ्यात कळतं की चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या मुलीने सगळ्यांचे फोटो आधीच काढून ठेवलेत.

कॉलशीट:
दोन कोरड्या पण महत्त्वाच्या गोष्टी. चौदा वर्षांखालचं मूल घेतलंत तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मिळकतीतले किमान वीस टक्के त्या मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हा हिशोब आधी न केल्याने घाई होते आणि घाईत पहिला बळी टायमिंगचा जातो. म्हणून चौघांच्या तालमी चित्रीकरणाआधी संपवा. विनोदी प्रसंगात निदान एक शॉट चौघेही दिसतील असा अखंड घ्या. बोलणाऱ्याचा क्लोजअप लावला की ऐकणाऱ्याचा चेहरा जातो, आणि हसू बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं.

दुसरं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र. यूए म्हणजे ठरावीक वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचा चित्रपट; त्यात आता यूए ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. द्वयर्थी संवादांपायी १६+ मिळालं, तर ज्यांची ही गोष्ट आहे त्या दहावीतल्या बऱ्याच मुलांना पालकांना विचारूनच यावं लागेल.

दोनरेघीवही:
फिशपाँडचा कणा लगेच घेतोय. एकच शंका: चिठ्ठी कुणी टाकली हे शेवटपर्यंत लपवू का?

कात्रीकाम:
नको. प्रेक्षकाला दहाव्या-बाराव्या पानापर्यंत सांगून टाका, मित्रांपासून लपवा. तो पोरगा इतरांबरोबर चिठ्ठी टाकणाऱ्याला शिव्या घालत शोधत फिरतो, हे आपल्याला माहीत असेल तरच हसू येईल आणि पोटात गोळाही येईल. चिठ्ठीतली ओळ मात्र प्रेक्षकाला आधी वाचू देऊ नका. ती समारंभातच ऐकू येऊ दे, सरांच्या आवाजात.