सगळा डाउनटाइम एकाच टक्क्यात नको
एकाने विचारलंय की खाणीच्या शेड्यूलमध्ये डाउनटाइमसाठी, म्हणजे मशीन बंद राहण्याच्या वेळेसाठी, सरसकट एकच टक्का धरला तर काय बिघडतं. बिघडतं हो, बरंच. ३० दिवसांचे ७२० तास, अव्हेलेबिलिटी (मशीन चालू स्थितीत असण्याचा वेळ) ८५ टक्के धरली तर उरले ६१२, आणि ७० टक्के युटिलायझेशन (त्यातला प्रत्यक्ष कामाचा वेळ) लावायचं ते या ६१२ वर, म्हणजे साधारण ४२८ तास. तेच ७२० वर लावलं की ५०४ येतात आणि ७६ तासांचं उत्पादन नुसतं कागदावर राहतं.

आपल्या लोकलचंच बघा ना, रविवारचा मेगाब्लॉक आधी माहीत असतो, सिग्नलचा बिघाड नसतो. तसंच सर्व्हिसिंग तारखेसकट कॅलेंडरमध्ये टाका, अचानक होणारे ब्रेकडाउन मात्र टक्क्यांत नाहीतर सिम्युलेशनने (कॉम्प्युटरवर बिघाडांची नक्कल करून) धरा. शॉवेल, म्हणजे डंपर भरणारं खोदाईचं मशीन, बंद पडला की डंपर धडधाकट असूनही रांगेत उभे राहतात, ते तास डंपरच्या ब्रेकडाउनमध्ये लिहू नका, तो स्टँडबाय आहे, म्हणजे मशीन ठीक पण काम नाही, नाहीतर वर्कशॉपवर उगाच खापर फुटतं. मी अंधेरीच्या ऑफिसात बसून प्लॅनिंग करतो, साइटवरून येणाऱ्या लॉगशीटमध्ये हीच गल्लत सगळ्यात जास्त दिसते. आणि जून ते सप्टेंबरचं युटिलायझेशन वेगळं धरा, हॉल रोडवर (डंपरच्या खाणीतल्या रस्त्यावर) चिखल झाला की चांगली मशीनसुद्धा उभीच राहते.