मदत हवी आहे: ‘घासाघीस करणे’ नेमकं कधी म्हणायचं?

मंडळी, एका कथेचं संपादन करतोय. त्यातली बाई भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अडून बसते. लेखकाने ‘हुज्जत घातली’ लिहिलंय. मला ते खटकतं. हुज्जत मूळची अरबी, तिकडे अर्थ युक्तिवाद, पुरावा. आणि मराठीत ती वाहतूक पोलिसाशीही घालता येते, पैशाचा संबंध नसला तरी. ‘भाव केला’ फारच सोज्वळ वाटतं. ‘पाडून मागितलं’ जवळचं आहे, पण त्यात एकदाच कमी किंमत सांगून मोकळं झाल्यासारखं वाटतं; चिवटपणा येत नाही.

मी ‘घासाघीस केली’ सुचवलं. लेखकाचं म्हणणं, हा शब्द जागावाटपाच्या बातम्यांत इतका वापरतात की आता मोठ्या सौद्याचा वाटतो. (मोठ्यांसाठी ‘वाटाघाटी’ आहेत की!)

आणखी एक: भाव ठरल्यावर ‘वर चार मिरच्या टाका’ म्हणणं घासाघिशीत मोडतं का? की त्याला वेगळं क्रियापद आहे?

वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांनी आपल्याकडचा शब्द, शक्यतो एखाद्या वाक्यासकट, जरूर सांगावा. बाई सोलापूरकडची आहे, त्यामुळे तिकडचा शब्द मिळाला तर उत्तमच.