मदत हवी आहे: /२६ चा तुकडा १६ पासून का सुरू होत नाही?

नमस्कार मंडळी. दिग्रसकडच्या एका खेड्यातल्या कॉलेजात नेटवर्कचं काम घेतलंय. लॅबमध्ये ५० कॉम्प्युटर, ऑफिसात २५, कॅमेरे ११ आणि त्यांचा एक रेकॉर्डर, शिवाय रस्त्यापलीकडच्या वसतिगृहाला जोडणारी वायरलेस लिंक. १९२.१६८.१.०/२४ (शेवटचा आकडा ० ते २५५, असे २५६ पत्ते) ही एकच रेंज घेऊन तिचे तुकडे पाडले.

कॅमेरे आधी बसले म्हणून त्यांना ० ते १५ दिले, म्हणजे /२८. पुढे लॅबसाठी १६ पासून ६४ पत्ते धरले: /२६, मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.१९२. राउटरला .१७ आणि कॉम्प्युटरना .१८ ते .६७.

पहिले ४५ कॉम्प्युटर नीट चालले. शेचाळिसाव्याला .६३ टाकला तर विंडोज घेईचना, आयपी आणि मास्कची जोडी चुकीची म्हणतं. .६४ चंही तेच. .६५, .६६, .६७ घेतले, पण गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा .१७) याच नेटवर्कमध्ये नाही असा इशारा आला आणि नेट काही लागलं नाही. शिवाय लॅबमधून एकाही कॅमेऱ्याला पिंग (पोहोच तपासायचा संदेश) लागत नाही, राउटरवरून मात्र लागतो. केबल दोनदा तपासल्या, स्विच बदलून पाहिला.

कॅल्क्युलेटरवर आकडे टाकून उत्तर मिळेल, पण मला हे हातानं यायला पाहिजे. माझ्याजवळ दोन पोरं काम शिकतात. त्यांनी विचारलं, "दादा, १६ पासून ६४ पत्ते मोजले की ७९ वर संपतात, मग चुकलं कुठं?" मला सांगता आलं नाही. ते फार लागलं मनाला.

पऱ्हाटी:
भाऊ, केबलला हात लावू नका, दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. कॉम्प्युटर "१६ पासून ६४" असं मोजतच नाही. पत्ता म्हणजे ३२ बिट (० किंवा १ ची घरं), आणि /२६ म्हटलं की नेटवर्क ओळखायला तो त्यातले फक्त पहिले २६ पाहतो. शेवटच्या आकड्याच्या ८ बिटांपैकी २ नेटवर्कचे, उरलेले ६ मशीनचे. दोन बिटांच्या चारच जोड्या होतात: ००, ०१, १०, ११. म्हणून /२६ चे तुकडे चारच जागी सुरू होतात: ०, ६४, १२८, १९२. वावराचा धुरा मोजणीत जिथं पडला तिथंच राहतो, आपण पेरणी कुठूनही सुरू केली तरी.

आता १६ हा आकडा बिटांत लिहून पाहा: ०००१००००. पहिले दोन ००. म्हणजे १६ ही हद्द नाही, ० ते ६३ या तुकड्यातलंच एक मशीन आहे. त्यामुळे .६३ झाला ब्रॉडकास्ट (तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता), .६४ झाला पुढच्या नेटवर्कचा स्वतःचा पत्ता, आणि .६५ ला तुमचा .१७ गेटवे परका. कॅमेऱ्यांचंही तेच. .२० ला वाटतं .५ आपल्याच तारेवर आहे, म्हणून तो राउटरला विचारतच नाही, थेट हाका मारत बसतो.

हातानं काढायचं तर २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा: २५६ − १९२ = ६४. सुरुवात नेहमी त्याच्या पटीत. आणि वाटणी मोठ्यापासून करा, म्हणजे हद्दी आपोआप जुळतात.

लॅब: ०/२६, वापरायला १ ते ६२
ऑफिस: ६४/२७, वापरायला ६५ ते ९४
कॅमेरे: ९६/२८, वापरायला ९७ ते ११०
लिंक: ११२/३०, वापरायला ११३ आणि ११४

१२८ पासून पुढचा अर्धा भाग अख्खा मोकळा.

कासरा:
गणित बरोबर आहे, पण मी एवढी काटकसर करणार नाही. ऑफिसात राउटर धरून २६ पत्ते गेले, उरले चार. आणखी पाच मशीन आली की पुन्हा खोदकाम. खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, एकट्या १९२.१६८ मध्ये २५६ /२४ बसतात. लॅबला १९२.१६८.१०.०, ऑफिसला २०.०, कॅमेऱ्यांना ३०.० द्या, लिंकला तेवढा /३० ठेवा. १.० तर टाळाच. इंटरनेटवाल्यांच्या मोडेमवर पुष्कळदा तीच रेंज असते, मग राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क होतं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मोडेम उघडून पाहिला, त्याच्यावर खरंच १९२.१६८.१.१ आहे. कासराभाऊंच्या पद्धतीनं नवीन पत्ते टाकले. लॅबचे पन्नासही सुरू झाले, कॅमेऱ्यांना पिंग लागला. पण पोरांना आधी फळ्यावर १६ हा आकडा बिटांत लिहायला लावला. त्यातल्या धाकट्यानं /२७ च्या आठही हद्दी न विचारता काढल्या: ०, ३२, ६४, ९६, १२८, १६०, १९२, २२४.