चालू सेल्फ सर्व्हिस कार वॉश घ्यावं का? त्याच रस्त्यावर टनेल वॉश येतंय

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी. नोकरी सोडून एखादा चालू धंदा विकत घ्यावा, असं बरेच दिवस मनात आहे. सध्या एक सेल्फ सर्व्हिस कार वॉश विक्रीला आहे. पाच बे (गाडी उभी करून धुवायचे कप्पे), प्रत्येक बेमध्ये प्रेशर गन आणि फोमचा ब्रश, बाहेर व्हॅक्यूमचे पॉइंट. गाडीवाला येतो, नाणी टाकतो, स्वतः गाडी धुतो आणि जातो. कायमचा नोकर एकही नाही, मालक रोज येऊन पाहून जातात. जागा भाड्याची, मशिनरी त्यांची.

सगळं पसंत पडलं होतं. आता कळलंय की त्याच रस्त्यावर मोठं टनेल वॉश उभं राहतंय. गाडी पट्ट्यावर चढवायची, काही मिनिटांत धुऊन पलीकडून बाहेर. महिन्याचा पास काढला की हवं तितक्या वेळा धुवा, अशी योजना असणार म्हणे. विकणारे सांगतात, 'त्यांचं गिऱ्हाईक वेगळं, आमचं वेगळं.' किंमत मात्र गेल्या वर्षीच्या नफ्यावर लावली आहे. बँक कर्ज द्यायला तयार दिसते. घ्यावं का? घ्यायचं झालं तर काय तपासू?

गॅरेजवाला

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग कोणता हे तुम्हालाच तिथे उभं राहून शोधावं लागेल.

टनेलकडे जातो तो घाईतला माणूस. गाडी फार मळलेली नसते, फक्त धूळ बसलेली असते, दर आठवड्याला स्वच्छ दिसली की झालं. हा माणूस गेला की परत यायला वेळ लागतो, कारण पास घेतलेला असतो. तुमच्याकडे टिकतात ते निराळे: चाकांच्या आत चिखल भरलेली गाडी, टपावर कॅरियर असलेली, टेम्पो, ट्रेलर, मोटारसायकल. यातल्या बऱ्याच गाड्या टनेलमध्ये घेतच नाहीत. शिवाय टनेलच्या ब्रशने रंगावर चरे पडतील म्हणून आपल्या हातांनीच धुणारे लोक असतात, ते कुठेही जात नाहीत.

म्हणून वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी तिथे बसा आणि कुठल्या प्रकारची गाडी आली ते लिहून ठेवा. कामाचा दिवस, सुट्टीचा दिवस, पावसानंतरचं पहिलं ऊन, सगळं बघा. बहुतेक गाड्या धुळीच्या असतील तर विकणाऱ्याचं बोलणं सोडून द्या.

आणखी एक. टनेलवाले बहुतेक ठिकाणी धुलाईबरोबर व्हॅक्यूम फुकट देतात. तुमच्या उत्पन्नात व्हॅक्यूमचा वाटा किती हे आधी विचारा, कारण सगळ्यात पहिला फटका तिथे बसेल.

हिशेबी

मी छोट्या धंद्यांच्या खरेदी-विक्रीचे हिशेब तपासते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रोखीच्या धंद्यात वहीपेक्षा पाण्याचं मीटर जास्त खरं बोलतं. किमान तीन वर्षांची पाण्याची आणि विजेची बिलं, शाम्पू-मेणाच्या खरेदीची बिलं मागा. साध्या प्रेशर गनमधून मिनिटाला साधारण 15 लिटर पाणी जातं. फोमच्या ब्रशला कमी लागतं. धरा, सरासरी 12 लिटर पडली आणि महिन्याचं बिल 3,00,000 लिटरचं आहे. त्यातून आरओ प्लांटने फेकलेलं पाणी आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) धुण्याचं पाणी वजा करा. ते मिळून 60,000 लिटर धरलं, तर उरले 2,40,000 लिटर, म्हणजे गन आणि ब्रश चालल्याची 20,000 मिनिटं. त्याला मिनिटाच्या दराने गुणा. विकणारे सांगतात ते धुलाईचं उत्पन्न याहून बरंच जास्त असेल, तर ते आलं कुठून हे त्यांनाच विचारा. बरंच कमी असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा रोकड वहीत येत नाही. 'वहीत नाही पण खिशात येतं' अशा उत्पन्नासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

आता खरा मुद्दा. या धंद्यात बहुतेक खर्च ठरलेला असतो. भाडं, विमा, देखभाल, विजेचा स्थिर आकार, गाड्या आल्या काय, न आल्या काय, द्यावाच लागतो. पाणी, साबण, विजेचा वापर तेवढा गाड्यांबरोबर कमी-जास्त होतो. समजा उत्पन्न 100, त्यातला 25 खर्च गाड्यांवर अवलंबून, 45 ठरलेला, हातात 30. कर्जाचा हप्ता 18. आज छान वाटतं. आता टनेल सुरू झालं आणि उत्पन्न चौथ्या हिश्शाने घटलं. 75 आले, गाड्यांवरचा खर्च साधारण 19 झाला, ठरलेले 45 तसेच. हातात 11. हप्ता 18 च. म्हणजे दर महिन्याला 7 घरातून घालायचे. गाड्या पाव हिश्शाने कमी झाल्या आणि नफा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ येऊन ठेपला, हे नीट लक्षात घ्या.

बँक 'हप्त्याच्या किमान सव्वापट उत्पन्न हातात हवं' असा हिशेब पाहते. तो तुमच्याही कामाचा आहे, पण गेल्या वर्षीच्या आकड्यांवर नव्हे, टनेल आल्यानंतरच्या आकड्यांवर लावा. विकणारे कालच्या नफ्याची किंमत मागताहेत आणि तुम्हाला मिळणार आहे उद्याचा नफा. सगळी घासाघीस या एकाच मुद्द्यावर करा.

निवांत

सोडून द्या. टनेलवाला भरपूर भांडवल घेऊन येतो, सुरुवातीला फुकट धुलाई देतो, ते त्याला परवडतं. नवख्या माणसाने कर्ज काढून त्याच्यासमोर उभं का राहावं?

गॅरेजवाला

निवांत, पटतंय, पण सरसकट नाही. सुरुवातीच्या फुकट महिन्यांत सगळेच तिकडे पळतात, नंतर चिखलवाले आणि हातांनी धुणारे परततात. तोवर तग धरण्याइतकी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर तुमचा सल्ला शंभर टक्के बरोबर.

चाकोरीबाहेर

हिशेबी ताई, मनापासून आभार. मी उत्पन्न घटलं की नफाही तेवढाच घटेल असं धरून चाललो होतो. बिलं मागितली तर एकाच वर्षाची आली, बाकीची 'शोधून देतो' म्हणाले. मशिनरीचं काय बघू?

पंपदुरुस्ती

पंपाची तेलाची काच बघा. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर सील गेलंय आणि पाणी तेलात उतरतंय. पंप चालू करून आवाज ऐका. होज वाकवून भेगा तपासा, छताचं लोखंड गंजलंय का पाहा. नियंत्रणाचं पॅनेल फार जुनं असेल तर सुटे भाग मिळतात का ते मालकाला न विचारता थेट विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. कार्डाची सोय नसेल तर तो खर्चही किमतीतून वजा करा, कारण खिशात सुटी नाणी ठेवणारे लोक आता कमी झालेत.

गाळाची टाकी उघडून बघाच. ती वेळच्या वेळी उपसली नसेल तर माती आणि तेल पुढे गटारात जातं आणि नोटीस नव्या मालकाच्या नावाने येते. गाळ कोण उचलतो, त्याच्या पावत्या आहेत का, सांडपाणी सोडायची परवानगी कोणाच्या नावावर आहे, हे सगळं कागदावर पाहा. जागेवर पूर्वी पेट्रोल पंप असेल तर मातीची तपासणी करून घ्या.

हिशेबी

तीन वर्षांची बिलं मिळेपर्यंत बयाणा देऊ नका. पाणीपुरवठा कार्यालयातून मालकाच्या संमतीने जुनी बिलं निघू शकतात, त्यामुळे 'सापडत नाहीत' हे कारण फार दिवस चालणार नाही.

भाडेकरार स्वतः वाचा. तो तुमच्या नावावर करायला जागामालकाची लेखी संमती लागेल. कराराची उरलेली वर्षं कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. पाइप आणि जमिनीखालच्या टाक्या उचलून नेता येत नाहीत.

टनेलचा मंजूर नकाशा नियोजन कार्यालयात पाहायला मिळतो का ते विचारा. टनेल किती लांब, व्हॅक्यूमच्या जागा किती, गाड्यांचं आत येण्याचं तोंड कुठल्या बाजूला, एवढ्यावरून बराच अंदाज येतो.

आणि किमतीचा एक हिस्सा राखून ठेवा. टनेल सुरू झाल्यावर वर्षभर उत्पन्न ठरलेल्या पातळीवर राहिलं तरच तो द्यायचा, अशी अट करारात घाला. विकणाऱ्यांना 'गिऱ्हाईक वेगळं' याची खरोखर खात्री असेल तर ते मान्य करतील. नाही म्हणाले, तर टनेलचा धोका त्यांनीही ओळखलाय असं समजा. त्यांनी स्वतः आसपास नवं वॉश काढायचं नाही, हेही लिहून घ्या.

चाकोरीबाहेर

राखीव हिश्श्याची अट आज फोनवर सांगितली. थोडा वेळ गप्प बसले, मग 'विचार करून सांगतो' म्हणाले. नियोजन कार्यालयात सोमवारी जातोय. गाड्यांची नोंद या सुट्टीपासून सुरू करतो. बिलं हातात आली की पाण्याचा हिशेब इथेच मांडतो, चुकलं तर सांगा.

पंपदुरुस्ती

हिशेब मांडण्याआधी पाचही बेंचा प्रवाह बादली आणि घड्याळ घेऊन वेगवेगळा मोजा. नोझल झिजलं की भोक मोठं होतं, दाब उतरतो आणि पाणी जास्त जातं. सगळीकडे 15 लिटर धरलंत तर मिनिटं चुकीची निघतील.